इतवारीचा डोह

लाखनीवरून आत वळून धानाच्या बांध्यांमधून जाणारा रस्ता धरला, की बोरटोली लागते. त्या गावात कुणाची बादली गळायला लागली तर बायका म्हणायच्या, "हे तं इतवारीचा डोह झाली व!" पंगतीत कुणी पुन्हा पुन्हा भात मागितला की वाढपी म्हणायचा, "याचं पोट हाय का इतवारीचा डोह?" गावाचं काय जातं हो बोलायला! ज्याच्या नावानं ही मस्करी चालायची तो इतवारी त्या वेळी तलावाच्या बुडाशी, गुडघाभर चिखलात पाय आपटत फिरत असायचा. पाळीवरचं, म्हणजे तलावाच्या बांधावरचं, बोलणं खाली सगळं ऐकू येतं. बोलणाऱ्यांनाही ते ठाऊक होतं, म्हणूनच तर ते पाळीवर येऊन बोलायचे.

इतवारी ढिवर, मासे धरणाऱ्यांच्या जातीचा. बाप तलावात, आजा तलावात, आणि त्याच्या घरी नांदायला आलेली जिजा, तीही दुसऱ्या एका तलावाच्या काठावरचीच. भंडारा जिल्हा फुटून गोंदिया वेगळा झाला तेव्हा त्यांचा एकुलता छोटू शाळेत जायला लागला होता. कचेऱ्यांच्या पाट्या बदलल्या, अर्ज कुठं द्यायचे ते बदललं, पण तलाव काही कुणी उचलून नेला नाही. पावसाळ्यात तो भरायचा, उन्हाळ्यापर्यंत पुरायचा. काठाशी शिंगाडा, मध्ये रोहू-कतला, चिखलात मरळ. ढिवर मोहल्ल्यात श्रीमंत कुणी झालं नाही, पण उपाशीही कुणी झोपलं नाही.

भांडण एकच होतं आणि ते पिढीजात होतं. धान लोंबीवर आला की शेतकरी म्हणायचे, तुडुम उघडा. तुडुम म्हणजे पाळीतून पाणी सोडायचं दार. ते उघडलं की धान तरतो, पण तलाव उथळ होतो, बगळ्यांची चैन होते आणि ढिवरांचा उन्हाळा कोरडा जातो. दर वर्षी यावरून एकमेकांच्या आयाबहिणी निघत. शेतकऱ्यांच्या बाजूनं पुंडलिकराव बोलत. पाळीखालची पहिली जमीन त्यांची, आवाज मोठा, आणि रागावले की डोक्यावरची टोपी काढून मांडीवर आपटायची सवय. ढिवरांच्या बाजूनं बोलायला कुणी उभं राहत नसे, म्हणून इतवारी राहायचा. बोलून झालं की खाली बसायचा आणि हरायचा.

मग एके वर्षी तलावांमधला गाळ काढायची सरकारी योजना आली. गाळ फुकट, ज्याला हवा त्यानं आपल्या शेतात न्यावा. शेतकऱ्यांच्या तोंडाला पाणीच सुटलं, कारण तलावाचा काळा गाळ बांधीत पडला की धान कसा उठतो हे त्यांना बापजाद्यांपासून माहीत. ग्रामसभा भरली, आणि इतवारी उठला.

"गाळ तुमी न्या, सारा न्या," तो म्हणाला. "पन मधात एक डोह खोल खोदू द्या. तुडुम उघडलं तरी त्याच्या खालचं पानी आमच्या मासोळ्यायले राहील. तुमचा धान बी पिकल, आमची मासोळी बी जगल."

एवढी सोपी गोष्ट आजवर कुणाच्या डोक्यात कशी आली नाही! पुंडलिकरावांनी टोपी काढली, पण आपटली नाही. "इतवारी, गड्या, तू तं वकील व्हायले पायजे होता," म्हणाले. लोक हसले, कुणी टाळ्याही वाजवल्या. त्या दिवशी घरी आल्यावर इतवारीनं जिजाला ही सभा पुन्हा पुन्हा सांगितली. ती भाकरी थापत "हो, हो" म्हणत राहिली. आयुष्यात पहिल्यांदा साऱ्या गावानं त्याचं ऐकलं होतं. माणूस फुगणारच की. त्याला दोष कशाला द्यायचा.

वैशाखात जेसीबी लागला. ट्रॅक्टरांची रांग पाळीवरून थेट शाळेपर्यंत. सर्वांत जास्त ट्रॉल्या पुंडलिकरावांच्या बांध्यांत गेल्या, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. इतवारी डोक्याला दुपट्टा गुंडाळून दिवसभर त्या यंत्राजवळ उभा. जिजा डब्यात आंबील आणायची, तो ती आधी ड्रायव्हरला पाजायचा आणि म्हणायचा, "आनखी घे. आनखी घे."

गाळ संपला आणि खाली पिवळट, भुरका गोटा लागला. ड्रायव्हरनं यंत्र थांबवलं. "काका, गोटा आला. बस करू?"

"नरमच हाय नं? मंग घे आनखी."

गोटा खरंच नरम होता. कोणे काळी वाळू दाबून दाबून घट्ट झालेली, यंत्राचे दात लागले की तिचा भुगा होत होता. इतवारीनं एक तुकडा उचलला. जाळ्याला वजन बांधायला चालेल असं वाटलं, म्हणून धुवायला बादलीत बुडवला, तर त्यातून बुडबुडे निघायला लागले. बारीक, एकसारखे, थांबायचं नाव नाही. ड्रायव्हर हसायला लागला. "काका, गोटा पानी पिऊन राहिला."

"पिऊ दे. तहानला असल बिचारा," इतवारी म्हणाला आणि तोही हसला. पुढं कित्येक वर्षं ते बुडबुडे त्याच्या डोळ्यांपुढून हलले नाहीत.

त्या पावसाळ्यात तलाव तुडुंब भरला. गावानं डोहाला इतवारीचं नाव दिलं, ते तेव्हा कौतुकानं दिलं होतं हे लक्षात ठेवा. ढिवरांच्या सोसायटीनं मासोळीचं बी आणून सोडलं. पुंडलिकरावांच्या बांधीत धान छातीला लागला. दिवाळी झाली, मंडईची जत्रा झाली, आणि पाणी उतरायला लागलं. तुडुम तर बंद होतं. पाळ फुटली म्हणावं तर पाळ धड होती. संक्रांतीला लोक तिळगूळ खात होते, तेव्हा तलावात कोपऱ्यात डबकी तेवढी राहिली होती आणि सगळ्यात आधी कोरडा पडला होता तो डोह. बोटाएवढे रोहू चिखलात तडफडत होते. घारी इतक्या जमल्या की सावल्या जमिनीवरून फिरताना दिसत. जिजा टोपली घेऊन ते मासे वेचत होती आणि रडत होती. इतवारी पाळीवर बसून राहिला. त्याला खाली उतरायची लाज वाटली.

मग उपाय सुरू झाले. मुरूम टाकला, पाणी गेलं. कुणी म्हणालं सिमेंट टाका, तर सोसायटीनं सिमेंटही ओतलं. त्याची खपली झाली आणि पाणी तिच्या कडेनं गेलं. दुसऱ्या वर्षी, तिसऱ्या वर्षी तेच. तलाव भरायचा तसा भरायचा आणि थंडीत रिकामा व्हायचा. ढिवर मोहल्ल्यातली घरं एकेक करून कुलपाआड गेली. कुणी हैदराबादकडं इमारतीच्या कामावर, कुणी लाखनीच्या हायवेवर ट्रक धुवायला. छोटू बायकोला, ज्योत्स्नाला, घेऊन नागपूरकडं कंपनीत लागला. जाताना बापाला काही बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं. धान तर आता पुंडलिकरावांचाही शेवटच्या पाण्याला सुकत होता, त्यांनी बोअर मारली आणि टोपी आपटत म्हणाले, "खोद, आनखी खोद! वकीलसाहेब!"

त्याच सुमाराला तृप्ती पहिल्यांदा आली. लाखनीच्या एका बौद्ध मास्तरांची मुलगी, नागपूरला दगडांचं शास्त्र शिकत होती आणि गाळापासून झालेल्या खडकांत बारीक भोकं कशी असतात यावर तिचं संशोधन चाललं होतं. भोकांचा अभ्यास! पाळीवर बसलेल्यांना हसायला तेवढं पुरलं. इतवारी मात्र तिला डोहात घेऊन गेला. ती खडकाजवळ बसली, एक रुपया काढून खडकावर ठेवला आणि फोटो घेतला.

"रुपया कायले ठेवता म्याडम? गोटा पळून जाईल म्हनून बयाना देता काय?"

तृप्ती हसली. "पाहणाऱ्याले कळलं पाहिजे ना काका, भोक केवढं आहे ते. रुपया नसला तर डोंगरातली गुहा अन् गोट्यातलं भोक फोटोत एकसारखंच दिसते."

ती तुकडे घेऊन गेली आणि काही महिन्यांनी लॅपटॉप घेऊन परत आली. इतवारीच्या ओसरीवर बसून तिनं फोटो दाखवले. खडकाच्या भोकांत निळा रंग भरून त्याची कागदासारखी पातळ चकती कापली होती, जिथं निळं तिथं भोक. इतवारीनं पाहिलं. मग तिनं त्यातल्या एकाच भोकाची कड मोठी करून दाखवली, तर कडेतही तशीच निळी भोकं. त्यातल्या एका भोकाची कड आणखी मोठी केली. तिथंही तीच.

"हा तं पयलाच फोटो हाय."

"नाही काका, हा तिसरा. मी खाली लिहून ठेवलं नाही तर मलेही कळत नाही कोणता जवळचा अन् कोणता दूरचा. भोकात भोक आहे, त्याच्यात पुन्हा भोक. कितीही बारीक पाहा, नक्षी तीच. अन् सगळी एकमेकांना जोडलेली. पाण्याले वाट पाहिजे, अन् इथं वाटच वाट आहे."

"मंग मुरूम टाकला, थो काहून नाही बसला?"

"मुरूम एका मापाचा. मोठ्या भोकात बसला, पण मुरमाच्या खड्यांमधून पाणी गेलंच. मोठ्या भोकाले रेती पाहिजे, रेतीच्या मधात बारीक रेती, तिच्या मधात गाळ, अन् सगळ्यात शेवटी अगदी पिठासारखी चिकणी माती. तलावानं हे काम सोताच केलं होतं, दरवर्षी थोडं थोडं, पिढ्यान् पिढ्या. थो जो काळा गाळ होता ना तळाचा, त्यानं तलाव धरून ठेवला होता."

इतवारीच्या हातात दुरुस्तीला घेतलेलं जाळं होतं. "म्हंजे मोठ्या डोळ्याच्या जाळ्यातून बारीक मासोळी निसटते, तसं," तो म्हणाला.

"अगदी तसं."

"अन् आता पुन्हा बसाले किती वर्षं?"

तृप्तीनं लॅपटॉप मिटला. चांगली पोरगी होती, खोटं बोलली नाही. "तुमच्या हयातीत होईल असं मी म्हणू शकत नाही, काका."

ती गेल्यावर जिजानं चुलीपुढून सगळं ऐकलेलं होतं ते एकदम बाहेर काढलं. "आता तरी चला नं अजी छोटूकडं. आयकलं नं तुमी? पोरगी शिकलेली हाय, थे सांगते का नाही होत. मले नातवाचं तोंड पायचं हाय. इथं काय ठेवलं हाय आता?"

"तलाव हाय."

"तलाव नाही, भोक हाय थे! मी मेल्यावर मले त्याच भोकात टाका, बुजल तरी!"

बोलून ती आत गेली आणि भांडी आपटत राहिली. इतवारीला राग आला नाही. राग यायलासुद्धा अंगात काही असावं लागतं. तो फक्त थकला होता. पण दुसऱ्या दिवशी सकाळी तो छोटूकडं गेला नाही, तलावात उतरला.

झालं होतं असं, की रात्रभर त्याच्या डोक्यात आजा येत राहिला होता. जुन्या काळी ढिवर मासे धरायला पाणी ढवळायचे. पाच-सहा जण मिळून चिखल तुडवायचे, पाणी गढूळ झालं की मासा गुदमरून वर यायचा. पण गुरं पाणी पीत नाहीत म्हणून गावाचा पाणकर, म्हणजे तलावाचं पाणी वाटणारा, काठी घेऊन अंगावर यायचा. आजानं त्या काठ्या खाल्ल्या होत्या. इतवारीनं विचार केला, गढूळ पाणी खाली जाताना आपल्यासोबत मातीही नेणारच की. तृप्तीला फोन केला तर तीही म्हणाली, तत्त्वानं बरोबर आहे काका, पण तुम्ही एकटे? तो म्हणाला, दुसरं हायच कोन.

तेव्हापासून तलावात पाणी असेल तोवर हा माणूस सकाळ-संध्याकाळ डोहात उतरून पाय आपटत फिरायचा. पाणी आटलं की पाळीच्या पायथ्याची माती टोपलीनं आणून डोहात टाकायची, पुढच्या पावसात तुडवायला. पायांच्या बोटांत भेगा पडल्या, त्या भरून आल्या नाहीत. कंबर वाकली ती वाकलीच. बोरटोलीनं काय बघायचं सोडलंय! पाळीवर टोळकी बसायची. "इतवारी, नाच बंद झाला का रे? वाजा लावू काय?" इतवारी वर बघायचा नाही.

जिजा पहिल्या वर्षी फिरकली नाही. दुसऱ्या वर्षी त्याचं जेवण घेऊन यायला लागली, आणि मग एक दिवस डोक्यावर टोपली दिसली. घर सारवून उरलेल्या पांढऱ्या मातीचं पातळ पाणीही ती बादलीत जपून आणायची आणि डोहात भिरकावून म्हणायची, "घे व सवती, पी! माया नवरा तं तूच घेतला हाय, आता माया घरची माती बी घे." डोहाला तिनं सवतच केलं होतं. घरी इतवारीला उशीर झाला की विचारायची, "सवतीनं सोडलं का आज?" तो हसायचा. त्या दिवसांत त्याला दुसऱ्या कशाचं हसू आलेलं आठवत नाही. दोघं थकून घरी यायची, पाय धुवायची आणि कुणी आधी निजायचं यावर भांडायचीसुद्धा नाहीत.

काही वर्षं अशी गेली. पाणी संक्रांतीऐवजी जेमतेम महाशिवरात्रीपर्यंत टिकू लागलं. फरक होता, पण मासा जगायला तो पुरत नव्हता. तृप्ती पुन्हा आली, डोहाच्या तळाचा तुकडा काढून घेऊन गेली आणि फोटो घेऊन आली. या वेळी मोठी निळी भोकं जवळजवळ दिसत नव्हती. इतवारीनं जिजाला हाक मारून बोलावलं.

"मोठी बुजली काका," तृप्ती म्हणाली. "मले खरंच वाटलं नव्हतं. पण हे पाहा, बारीक राहिली. पाळीची माती भरड आहे, ती आता आत जात नाही. आता पाहिजे तो तलावाचाच जुना गाळ. तो सगळ्यात बारीक असते."

तो गाळ कुठं होता हे तिला सांगायची गरज नव्हती. इतवारी घरोघर गेला. प्रत्येकानं एकेक टोपलं द्यावं, बस. कुणी म्हणालं बघू, कुणी म्हणालं आधी पुंडलिकरावांना विचार. पुंडलिकराव बाजेवर बसले होते.

"बांधीत घातलेला गाळ काढून देऊ? येडा झाला काय बे तू? या भोकात किती घातलं तुवा आजपर्यंत? मुरूम घातला, सिमेंट घातलं, पोट्टा गमावला. आता माया बांधीची माती घालतं?"

"टोपलंभरच मागून राहिलो, पुंडलिकभाऊ."

"एकाले दिलं का सारा गाव नेईल. जा."

इतवारी गेला. घरी येऊन भिंतीला टेकून बसला आणि जिजाला म्हणाला, "जाऊ आपन छोटूकडं. बस झालं."

हे ऐकायला ती किती वर्षं थांबली होती! पण ती काही लगेच उठून गाठोडं बांधायला लागली नाही. त्याच्या पायाच्या भेगांना तेल लावत बसली. "धान कापनं होऊन जाऊ द्या," म्हणाली. "मंग जाऊ. एवढ्या वर्षाची सवत, तिले सांगून तं जावं लागल."

धान कापून होईपर्यंत दोघं सवयीनं डोहात उतरतच राहिली, आणि मार्गशीर्षात जिजाला ताप भरला. लाखनीच्या दवाखान्यात नेलं, भंडाऱ्याला नेलं. न्यूमोनिया, डॉक्टर म्हणाले. थंडीत पाण्यात उभी होती काय, असं त्यांनी विचारलं, आणि इतवारीनं खाली, आपल्या भेगाळलेल्या पायांकडं बघितलं. छोटू आणि ज्योत्स्ना पोराला घेऊन आले. जिजानं नातवाच्या तोंडावरून हात फिरवला. दुसऱ्या दिवशी पहाटे ती गेली.

इतवारी रडला नाही, पण बसला होता तिथून त्याला उठवेना. माझ्यापायी गेली, एवढंच त्याच्या मनात फिरत होतं. आणि ते खरंच होतं. कुणी कितीही समजूत घातली तरी खोटं होत नव्हतं.

ढिवरांच्यात पुरतात. त्यांची जागा तलावाच्या काठालाच, पाळ संपते तिथं. गाव मोठ्या संख्येनं आलं. चेष्टा करणारे हेच, आणि खांदा द्यायला पुढं होणारेही हेच. गाव असंच असतं. जिजाला खड्ड्यात ठेवलं. छोटूनं पहिली मूठ माती टाकली. मग बाकीचे मूठमाती द्यायला वाकले. आपल्याकडं मूठमाती नाकारत नाहीत. वैरी असला तरी त्याला मूठभर माती देऊनच माणूस घरी परततो.

"थांबा," इतवारी म्हणाला.

सगळे वाकलेले तसेच उभे राहिले.

"हा खड्डा मी अन् छोटू भरतो. तुमची मूठ इथं नोका टाकू. जिजा मले म्हने का मी मेल्यावर त्याच भोकात टाका, बुजल तरी. तिले तं मी टाकू शकत नाही. तिची मूठमाती तिकडं टाका, डोहात." त्यानं पाळीखालच्या बांध्यांकडं हात केला. "अन् इथली नोका घेऊ. आपापल्या बांधीची आना. गाळाची. मूठच आना. टोपलं नाही मागत मी आता कोनाले."

थंडीचं ऊन, समोर अर्धा उतरलेला तलाव, आणि पाळीखाली कापून मोकळ्या झालेल्या बांध्या. लोक पुंडलिकरावांकडं बघायला लागले. म्हातारा खड्ड्याच्या काठावर उभा होता, डोक्यावर टोपी. त्यांनी ती हळूच काढली आणि तशीच हातात घेऊन पाळ उतरून चालायला लागले. आपल्या पहिल्या बांधीत गेले, वाकले, आणि परत आले तेव्हा टोपी काळ्या मातीनं भरलेली होती. पांढरी टोपी होती हो ती, धुतलेली. डोहाच्या काठाशी जाऊन त्यांनी ती उलटी केली. मग तिथंच उकिडवे बसले आणि मोठ्यानं रडले. "माफ कर व बाई," म्हणाले.

मग सारं गाव बांध्यांत उतरलं. कुणी मुठीत आणली, कुणी दुपट्ट्यात, कुणी लुगड्याच्या ओच्यात. बायका एरवी मातीला जात नाहीत. त्या दिवशी त्या पाळीवर आल्या, आणि कुणी त्यांना थांबवलं नाही. इतवारी आणि छोटू इकडं जिजाचा खड्डा भरत होते. काम करताना इतवारी अधूनमधून मान वर करून बघायचा. डोहाचं पाणी काळं होत चाललं होतं.

दिवस झाल्यावर छोटू म्हणाला, "बाबा, चला आता." इतवारी म्हणाला, "चैतापर्यंत पानी टिकते का, थे पाहून येतो." मग छोटूही लगेच गेला नाही, पोराची शाळा होती म्हणून ज्योत्स्नाला पाठवलं आणि स्वतः काही दिवस राहिला, कारण पाळीवर गाळाच्या ट्रॉल्या यायला लागल्या होत्या. पहिली पुंडलिकरावांची. कुणी म्हशी घेऊन आलं, कुणी नुसते पाय. इतवारीनं मधोमध उभं राहून दाखवलं, पाय कसा दाबून फिरवायचा ते. त्याचं अंग इतकं दुखत होतं की मध्येच बसावं लागे, आणि कुणी तरी म्हणे, "बस काका, आमी हावो नं." हे ऐकायची त्याला सवय नव्हती.

पुढच्या पावसात तलाव भरला, तसा तो दर वर्षीच भरायचा. दिवाळी गेली. संक्रांत गेली. शिवरात्रीला इतवारी देवाला गेला नाही, काठी टेकत डोहावर जाऊन आला. होळी झाली आणि गावात कुणी काही बोलेना. बोललं तर नजर लागेल अशी सगळ्यांना भीती. मस्करीही बंद. कुणाची बादली गळाली तर गळू देत.

गुढीपाडव्याच्या सकाळी इतवारी डोहात उतरला. हळूहळू, कारण आता त्याला घाई जमत नव्हती. पायाला घट्ट, गुळगुळीत चिखल लागला. एक मरळ पोटरीला घासून गेली. पाणी गुडघ्याच्या वर होतं. तो तिथं उभा राहिला, मग बाहेर येऊन ओल्या पायांनीच पाळ संपते तिथं गेला आणि जिजाजवळ बसला.

"चैत लागला, जिजे," तो म्हणाला. "तुया सवतीजवळ अजून गुडघाभर पानी हाय."